अंड्यातून अख्खा जीव घडतो कसा? भ्रूणशास्त्र, आणि आपल्या घाटातली-किनाऱ्यावरची न बघितलेली अंडी

सत्तरीचा_पाऊस

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, आज लिहूनच टाकतो, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी गोव्यात सत्तरी तालुक्यात हायर सेकंडरीला बायोलॉजी शिकवतो. भ्रूणाचा धडा आला की मुलं मोरुला, ब्लास्टुला, गॅस्ट्रुला ही भ्रूणाच्या पहिल्या टप्प्यांची नावं घोकतात, आकृतीला नावं देतात, मार्क घेतात, विषय संपला. पण दरवर्षी एखादं तरी पोर उठून विचारतंच, सर, सगळ्या पेशी एकाच पेशीतून आल्या, सगळ्यांत डीएनए तोच, मग डोळ्याच्या पेशीला कळतं कसं की आपण डोळा व्हायचं, यकृत नाही? खरं तर हा प्रश्न म्हणजेच अख्खं शास्त्र आहे आणि नेमका तोच आम्ही शिकवत नाही.

माणूस हे दोन हजारांहून जास्त वर्षं विचारतोय. ॲरिस्टॉटलने कोंबडीखालची अंडी रोज एकेक काढून फोडून बघितली. तिसऱ्या दिवसाच्या सुमाराला त्याला पांढऱ्यात रक्ताचा एक ठिपका धडधडताना दिसला, ते काळीज. त्यावरून तो म्हणाला की अवयव एकामागून एक बनत जातात, आधीपासून तयार नसतात. मग सतराव्या शतकात मायक्रोस्कोप आला आणि तुम्हाला वाटेल की आता उत्तर मिळालं असेल, पण झालं उलटंच. १६७७ मध्ये लेव्हेनहुकने शुक्राणू बघितले आणि १६९४ मध्ये हार्टसूकरने शुक्राणूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला एवढासा माणूस चितारला, म्हणजे बाळ आधीच तयार आहे, फक्त मोठं व्हायचं बाकी. मग त्या बाळाच्या आत त्याची बाळं, त्यांच्या आत त्यांची, असं थेट सृष्टीच्या सुरुवातीपर्यंत. हे मानणारे लोक बुद्धीने कमी नव्हते हां, आकार नसलेल्या गोळ्यातून आकार कसा येतो हे कोणालाच सांगता येत नव्हतं, म्हणून त्यांना आकार आधीपासून आहे असं धरावं लागलं. १७५९ मध्ये पंचविशीतल्या कास्पर वोल्फने याला विरोध केला आणि पुढे कोंबडीच्या भ्रूणात दाखवलं की आतडं सुरुवातीला नळी नसतंच, एक सपाट पापुद्रा असतो आणि तो दुमडून नळी होते. आणि सस्तन प्राण्याचं बीजांड? ते १८२७ पर्यंत कोणी डोळ्यांनी बघितलंच नव्हतं, फॉन बेअरला ते एका कुत्रीच्या बीजकोशात सापडलं.

मला सगळ्यात आवडते ती रू आणि ड्रीशची गोष्ट. १८८८ मध्ये विल्हेल्म रूने बेडकाचं अंडं दोन पेशींचं झाल्यावर तापवलेल्या सुईने एक पेशी मारली, उरलेल्या पेशीतून अर्धाच भ्रूण झाला. म्हणजे प्रत्येक पेशीला तिचा वाटा ठरवून दिलाय. तीन-चार वर्षांत हान्स ड्रीशने सी अर्चिनच्या, म्हणजे समुद्रातल्या त्या काटेरी गोळ्याच्या, दोन पेशी हलवून हलवून सुट्या केल्या आणि दोन्हींतून आख्खी पिल्लं झाली, फक्त आकाराने लहान! मग खरं कोणाचं? तर रूची मेलेली पेशी तिथेच चिकटून राहिली होती, जिवंत पेशीला वाटत राहिलं की शेजारी अजून आहे. पेशी शेजार बघून वागते. पुढची सगळी शंभर वर्षं याच वाक्याचा अर्थ लावण्यात गेली असं माझं मत.

आता मुद्दा. प्रत्येक मोठं उत्तर मिळालं ते कोणीतरी एका विशिष्ट प्राण्याच्या अंड्यासमोर ठाण मांडून बसलं तेव्हा. सी अर्चिन, न्यूट (पालीसारखा दिसणारा शेपटीवाला उभयचर), कोंबडी, फळमाशी. आणि आपण जिथे राहतो तिथे, म्हादईच्या खोऱ्यात, चोर्ल्यात, मोरजीच्या वाळूत, अशा जिवांची अंडी आहेत ज्यांच्यासमोर अजून कोणी नीट बसलेलं नाही. भविष्य म्हटलं की सगळे जीन एडिटिंग आणि लॅबमधली बाळं बोलतात, ते आहेच, पण मला वाटतं या शास्त्राचं अर्धं भविष्य आपल्या पागोळ्यांखाली आहे. तुम्हाला काय वाटतं?

---

मांडवीकाठ

सर, उत्तम विषय. पण सुरुवात थेट ग्रीसपासून का? सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात हाच वाद आहे, आणि वाद म्हणूनच मांडलाय, हे महत्त्वाचं. गर्भाचा कुठला अवयव आधी होतो? शौनक म्हणतो डोकं, कृतवीर्य म्हणतो हृदय, पराशर म्हणतो नाभी, मार्कंडेय म्हणतो हातपाय, सुभूती गौतम म्हणतो धड. प्रत्येकाचं कारण दिलेलं आहे. शेवटी धन्वंतरीचं मत येतं, की हे सगळे चुकले, सगळे अवयव एकदमच होतात, पण बारीक असल्यामुळे दिसत नाहीत. दाखला आंब्याचा देतो तो. पिकलेल्या आंब्यात रेषा, गर, बाठ सगळं वेगवेगळं दिसतं, पण कोवळ्या कैरीत ते असूनही वेगळं ओळखता येत नाही. आपल्याकडे मानकुराद खाणाऱ्या माणसाला हे लगेच पटेल.

गर्भोपनिषदातही एका रात्रीत कलल, म्हणजे चिकट द्रव, सात रात्रींत बुडबुडा, पंधरवड्यात पिंड, महिन्याने कठीण, दोन महिन्यांत डोकं, असा क्रम दिलाय. आणि गांधारीचे शंभर कुंभ तर सगळ्यांना माहीत आहेत. त्याकडे केवळ कथा म्हणून बघावं का, असा प्रश्न मला पडतो.

---

दूधसागर_७

मांडवीकाठ काका, सुश्रुताचा उतारा दिल्याबद्दल खरंच देव बरें करूं, मी एमएस्सी झूलॉजी करतेय आणि आम्हाला हे कोणीच सांगितलं नव्हतं.

एक गोष्ट बघा, धन्वंतरीचं म्हणणं आणि १६७३ च्या सुमाराला इटलीत माल्पिघीने जे मांडलं ते जवळजवळ एकच आहे. त्यानेही न उबवलेल्या अंड्यात आकार बघितला आणि धरून चालला की तो पहिल्यापासून असतोच, आपल्याला दिसायला उशीर होतो. पण ते अंडं ऑगस्टच्या कडक उन्हाळ्यातलं होतं, कोंबडी बसायच्या आधीच उष्णतेने वाढ सुरू झाली होती! आणि तसंही अंडं कोंबडीच्या पोटातच जवळजवळ एक दिवस वाढत असतं, बाहेर पडतं तेव्हा त्यात हजारो पेशी असतात. आपल्याकडे मे महिन्यात गावठी अंडी टोपलीत ठेवून दिली आणि फोडल्यावर रक्ताच्या रेषा दिसल्या हे घरोघरी माहीत असेल.

गांधारीच्या कुंभांबद्दल माझं मत वेगळं आहे काका. ती कथा सुंदर आहे, पण तिच्यात कसं केलं हे नाही, काय बघितलं हे नाही. सुश्रुताच्या उताऱ्यात पाच जणांची पाच मतं आहेत, कारणं आहेत, खोडून काढणं आहे. अभिमान बाळगायचा तर मी त्या उताऱ्याचा बाळगीन. कोणीतरी दुसऱ्याला म्हणतोय की तुझं चुकतंय आणि का ते सांगतोय, शास्त्र इथूनच सुरू होतं.

---

मांडवीकाठ

बाय, तुझं म्हणणं मान्य नसलं तरी मांडणी आवडली. आणि मतं पाच, सहावं धन्वंतरीचं.

---

कोडवाला_पर्वरी

मी बायोलॉजीवाला नाही, सॉफ्टवेअरमध्ये आहे. आम्हाला नेहमी सांगितलं जातं की डीएनए म्हणजे प्रोग्राम आहे. पण सर म्हणतात तसं पेशी शेजार बघून वागत असेल तर मग प्रोग्राम कुठे आहे? एकच कोड सगळ्या मशीनवर चालतोय आणि आउटपुट वेगळं येतंय?

आणि अजून एक, ट्युरिंगने, आपल्या कॉम्प्युटरवाल्या ॲलन ट्युरिंगने, १९५२ मध्ये यावरच एक पेपर लिहिला होता हे मला मागच्या वर्षी कळलं. दोन रसायनं, एक स्वतःला वाढवतं आणि दुसरं त्याला दाबतं, दाबणारं जास्त लांब पसरतं, एवढ्यावर ठिपके आणि पट्टे आपोआप तयार होतात. मी घरी कोड लिहून रन केला, स्क्रीनवर हळूहळू बिबट्याच्या अंगासारखे ठिपके यायला लागले, रात्री उशिरापर्यंत आकडे बदलत बसलो. कोणी ठिपक्यांचा नकाशा दिलेला नाही, तरी ठिपके. खऱ्या प्राण्यात असं होतं का?

---

दूधसागर_७

होतं. उंदराच्या पिल्लाच्या टाळूवरच्या आडव्या कड्या, बोटांमधली अंतरं, यात त्या धर्तीची यंत्रणा असल्याचे चांगले पुरावे आहेत. बराच काळ जीवशास्त्रज्ञांनी तो पेपर बाजूला ठेवला होता, आता परत आणलाय.

प्रोग्राम कुठे आहे याचं उत्तर हिल्डे मांगोल्डच्या प्रयोगात आहे आणि ही बाई प्रत्येक पुस्तकात मोठ्या अक्षरात असायला हवी. जर्मनीत फ्रायबुर्गला हान्स स्पेमानची विद्यार्थिनी. न्यूटचा भ्रूण म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढा गोळा. त्यात जिथून पेशी आत वळायला लागतात तिथला वरचा ओठ तिने कापून घेतला आणि दुसऱ्या भ्रूणाच्या पोटाच्या बाजूला बसवला. स्पेमान अशा कामांसाठी काचेच्या सुया आणि लहान बाळाच्या केसाचा फास वापरायचा, यावरून हाताची सफाई कळते. आता खरी युक्ती, देणारा न्यूट फिकट रंगाचा आणि घेणारा गडद रंगाचा, म्हणजे कुठली पेशी कोणाची हे नंतर रंगावरून ओळखता येणार. त्या पोटावर दुसरा भ्रूण उगवला, मज्जारज्जूसकट, पोटाला पोट चिकटलेलं जुळं. आणि कापून बघितलं तर त्या दुसऱ्या भ्रूणातल्या बऱ्याचशा पेशी गडद निघाल्या, म्हणजे घेणाऱ्याच्याच! ज्या पेशी पोटाची कातडी होणार होत्या त्यांना शेजाऱ्याने मज्जासंस्था व्हायला लावलं.

पेपर १९२४ चा. त्याच वर्षी घरात हीटरचा भडका उडून हिल्डे गेली, वय २५, मागे तान्हं बाळ. स्पेमानला १९३५ मध्ये नोबेल मिळालं.

मग तो शेजारी नेमकं सांगतो काय हे शोधण्यात पुढची साठ-सत्तर वर्षं गेली. लोकांनी तो तुकडा उकळून लावला तरी चालतो, भलतीच रसायनं लावली तरी चालतात, सगळे गोंधळले, अनेकांनी विषयच सोडला. १९९२ मध्ये नॉगिन आणि १९९४ मध्ये कॉर्डिन सापडलं तेव्हा उलगडा झाला. ही प्रथिनं हुकूम देतच नाहीत, ती दुसऱ्या एका संदेशाला अडवतात. बीएमपी नावाचा संदेश सगळीकडे पसरलेला असतो आणि तो पेशींना म्हणतो कातडी व्हा. जिथे तो अडवला जातो तिथे पेशी आपसूक मज्जासंस्थेच्या वाटेला लागतात. कोडवाला दादा, तुमच्या भाषेत डीफॉल्ट व्हॅल्यू मेंदू आहे, कातडी व्हायला सांगावं लागतं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये मैत्रिणीला उभं करून सांगितलं होतं.

---

सत्तरीचा_पाऊस

वा! आणि यात आपल्या बाजूचंही एक नाव जोडतो. पुणे विद्यापीठात लीला मुल्हेरकर मॅडमनी कोंबडीच्या भ्रूणावर काम उभं केलं, त्यांनी एडिनबरोला भ्रूणशास्त्रज्ञ वॅडिंग्टन यांच्याकडे काम केलं होतं. पुण्याच्याच आघारकर संस्थेत हायड्रावर वर्षानुवर्षं काम चाललंय, तुकडे केले तरी प्रत्येक तुकड्यातून नवा जीव होणारा, गोड्या पाण्यातला इवलासा हायड्रा. आणि वनस्पतींच्या भ्रूणशास्त्रात तर दिल्लीचे पंचानन माहेश्वरी जगात पहिल्या फळीत, १९६४ मध्ये त्याच विभागात शिप्रा गुहा आणि सतीश माहेश्वरी यांनी धोतऱ्याच्या परागकोशापासून अर्ध्या गुणसूत्रांची रोपं वाढवली, जगात पहिल्यांदा. धोतरा! आपल्या कुंपणाला असतो तो.

---

केळशीची_माय

सगळं वाचतेय, थोडं डोक्यावरून जातंय पण छान वाटतंय. एक साधा प्रश्न. आमच्या सासरी सहा बोटांची पोरं होतात, सासऱ्यांना होतं, नवऱ्याला होतं, धाकट्याच्या हाताला अंगठ्याशेजारी होतं ते डॉक्टरांनी काढलं. म्हातारी माणसं म्हणतात लक्ष्मी आली. हे कशामुळे होतं?

---

दूधसागर_७

ताई, तुमच्या घरातलं कारण तपासणी केल्याशिवाय कोणी सांगू नये, कारण अनेक कारणं असतात. पण अंगठ्याच्या बाजूला जादा बोट आणि पिढ्यानपिढ्या चालत आलेलं, यात एक प्रसिद्ध कारण आहे ते सांगते.

हाताचा पंजा तयार होताना करंगळीच्या बाजूच्या पेशी सॉनिक हेजहॉग नावाचं प्रथिन सोडतात. जिथे ते जास्त तिथे करंगळी, जिथे कमी तिथे अंगठ्याकडची बोटं. कोंबडीच्या पंखात हा भाग कापून उलट्या बाजूला लावला तर आरशातल्यासारखी दुप्पट बोटं येतात, हे १९६८ मध्येच दाखवलं गेलं होतं. आता हे प्रथिन हातात कधी आणि कुठे सुरू करायचं ते ठरवणारा डीएनएचा एक तुकडा आहे, तो त्या जनुकापासून जवळजवळ दहा लाख अक्षरं लांब बसलाय, दुसऱ्याच जनुकाच्या पोटात. त्यातलं एक अक्षर बदललं की प्रथिन अंगठ्याच्या बाजूलाही सुरू होतं आणि जादा बोट येतं. २००३ मध्ये हे माणसांच्या कुटुंबांत सापडलं.

आणि हाच तुकडा सापांमध्ये मोडलेला आहे. २०१६ मध्ये उंदराचा तुकडा काढून तिथे सापाचा बसवला तेव्हा उंदरांना पायाच्या जागी नुसते खुंट आले.

---

केळशीची_माय

अगो बाई! म्हणजे आमची सहा बोटं आणि सापाचे नसलेले पाय एकाच जागेवरून. सासूबाईंना सांगते.

---

अबोली_फोंडा

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, रोज या विषयाशी गाठ पडते म्हणून दोन गोष्टी कळकळीने सांगते.

पहिली. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्यातून होतो ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ व्या दिवसापर्यंत बंद होते. २८ वा दिवस म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. बहुतेक बायका माझ्याकडे येतात तेव्हा ते काम होऊन गेलेलं असतं, चांगलं झालं असेल तर चांगलं. फॉलिक ॲसिडच्या गोळ्या म्हणून गर्भ राहायच्या आधीपासून सुरू करायच्या असतात. १९९१ च्या ब्रिटिश ट्रायलमध्ये आधीचं मूल ही नळी नीट बंद न झाल्याचा दोष असलेलं होतं अशा बायकांत या गोळीने तो धोका ७२ टक्के कमी झाला. एवढी स्वस्त गोळी! तरी लग्न ठरल्यावर हॉल, कॅटरिंग, दागिने सगळ्याचं बोलणं होतं, या गोळीचं कोणी बोलत नाही.

दुसरी, थॅलिडोमाइड. १९५७ मध्ये जर्मनीत हे औषध बाजारात आलं, गरोदरपणातल्या मळमळीवर सर्रास दिलं गेलं, १९६१ मध्ये काढून घेतलं तोवर जगभरात १०,००० हून जास्त बाळं हात-पाय अपुरे घेऊन जन्मली. आयांना सहसा काही झालं नाही. घातक काळ फक्त दोनेक आठवड्यांचा, हातापायांच्या कळ्या फुटतात तो. औषध नेमकं काय करतं ते कळायला २०१० आणि २०१८ उजाडलं, हातपाय घडवायला लागणारं एक प्रथिन ते पेशीकडूनच नष्ट करवतं. म्हणून मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गोळ्या घेऊ नका असं मी ओरडत असते.

आणि भविष्य म्हणाल तर पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. याज्ञिक यांनी १९९३ पासून गावांतल्या आयांचा जो अभ्यास चालवलाय तो वाचा. आपली बाळं वजनाला कमी पण चरबीला जास्त, आईच्या पोटातलं पोषण आणि पुढचा डायबेटिस यांचा संबंध. गोव्यात डायबेटिसचं काय चाललंय ते सगळ्यांच्या घरात दिसतंय. त्याची मुळं त्या नऊ महिन्यांत शोधायला हवीत.

---

शेवंती_डिचोली

हे लिहू की नको असं करत होते. आमचं मूल आयव्हीएफने झालं. क्लिनिकचं नाव नको, डॉक्टर बरे होते पण समजावून सांगायला कोणाला वेळ नसायचा. ट्रान्सफरच्या, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडायच्या, दिवशी हातात एक छापील फोटो दिला, करडा गोल, आणि खाली पेनने लिहिलेलं ४एबी. मी आणि नवरा दोघंही तो फोटो बघत बसलो, ४एबी म्हणजे पास की नापास? लॅबमधली एक मुलगी, एम्ब्रियॉलॉजिस्ट, चहा प्यायला बाहेर आली होती, तिला विचारलं तर तिने उभ्या उभ्या सांगितलं. आकडा म्हणजे गोळा किती फुगलाय. पहिलं अक्षर आतल्या पुंजक्याचं, त्यातून बाळ होणार. दुसरं अक्षर बाहेरच्या आवरणाचं, त्यातून वार. पाचव्या दिवसालाच पेशींनी दोन वाटा घेतलेल्या असतात. त्या दोन मिनिटांत मला जे कळलं ते सहा महिन्यांत कोणी सांगितलं नव्हतं.

नंतर मी खूप वाचलं आणि कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्याबद्दल कळलं. जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राउन २५ जुलै १९७८ ला जन्मली, आणि ३ ऑक्टोबरला कोलकात्यात त्यांच्या कामातून दुर्गा. जगातली दुसरी टेस्ट ट्यूब बेबी, आणि तिचा भ्रूण तर गोठवून ठेवून मग वापरला होता, आज सगळ्या क्लिनिकमध्ये करतात तसं. पण सरकारच्या समितीने त्यांचं म्हणणं खोटं ठरवलं, परदेशात जाऊन मांडायला परवानगी नाही, शेवटी डोळ्यांच्या संस्थेत बदली. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. १९८६ मध्ये मुंबईत हर्षाचा जन्म झाला, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंद कुमार यांच्या कामातून, आणि तीच भारतातली पहिली म्हणून नोंदली गेली. पुढे याच आनंद कुमारांनी मुखोपाध्यायांच्या वह्या वाचल्या आणि १९९७ मध्ये जाहीर सांगितलं की पहिले ते, मी नाही. स्वतःचा मान दुसऱ्याला देऊन टाकला. माझ्या मुलाला मी ही दोन्ही नावं शिकवणार आहे.

---

अबोली_फोंडा

शेवंती, लिहिलंत ते फार बरं केलंत. एम्ब्रियॉलॉजिस्ट हा माणूस पेशंटला दिसतच नाही, आणि सगळं त्याच्या हातात असतं.

---

बांदोडकर_मैदान

सगळं ठीक आहे, पण प्रामाणिकपणे विचारतो. रोजगार नाही, शाळांत लॅब नाहीत, आणि आपण बेडकाच्या अंड्यांवर बोलतोय. सरांनी म्हटलं की अर्धं भविष्य आपल्या पागोळ्यांखाली आहे, म्हणजे नक्की काय? आणि दुसरं अर्धं, ते लॅबमधल्या बाळांचं, त्याला कोणी लगाम घालणार की नाही?

---

मोरजीकर

पहिल्या अर्ध्याचं मी सांगतो. मी सीझनला वनखात्याच्या लोकांबरोबर कासवांच्या कामाला असतो. ऑलिव्ह रिडले मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबागला येतात, एका खड्ड्यात शंभराच्या आसपास अंडी. आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात की अंडी हलवायची तर काही तासांत हलवा, आणि वरची बाजू वरच राहू दे, फिरवायचं नाही. का ते मला नंतर कळलं. आईच्या पोटात ऑक्सिजन कमी म्हणून भ्रूण एका टप्प्यावर थांबलेला असतो. अंडं वाळूत पडून हवा लागली की परत सुरू होतो, वर सरकतो आणि कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. त्या जागी कवचावर पांढरा खडूसारखा डाग पडतो, तो आम्ही बघतो. डाग आल्यावर अंडं फिरवलं तर आतला जीव सुटतो आणि मरतो.

आणि नर की मादी हे कासवात गुणसूत्रं ठरवत नाहीत, वाळूचं तापमान ठरवतं. साधारण २९ डिग्रीच्या खाली नर जास्त, वर माद्या जास्त, आणि ठरतं ते उबवण्याच्या मधल्या तिसऱ्या भागात. ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तरेच्या टोकाला तरुण हिरव्या कासवांत ९९ टक्के माद्या निघाल्याचं २०१८ मध्ये छापून आलंय. आता आपल्या किनाऱ्यावर वाळू तापतेय, झाडं तोडून शॅक येतायत, सावली जातेय. हॅचरीवर, म्हणजे अंडी आणून पुरतो त्या राखीव जागेवर, शेडनेट किती लावायचं हा आमच्यासाठी रोजचा प्रश्न आहे, आणि तो भ्रूणशास्त्राचाच प्रश्न आहे. मैदानबाब, हे उत्तर कुठल्या परदेशी लॅबमधून येणार नाही, इथली वाळू इथल्याच माणसाने मोजली पाहिजे.

---

दूधसागर_७

मोरजीकर दादांनी माझं काम सोपं केलं. घाटातलं मी सांगते. पावसात झुडपांतून टिक-टिक आवाज काढणारे इवलेसे बेडूक असतात ना, राओर्केस्टिस, त्यातली एक जात कॅसलरॉकवरून पहिल्यांदा नोंदली गेलीय. त्यांच्यात टॅडपोल, म्हणजे पाण्यात पोहणारं शेपटीवालं पिल्लू, नसतोच! अंड्यातून थेट नखाएवढा बेडूक बाहेर. म्हणजे कल्ला, शेपटी, शेवाळ खायचं तोंड हा सगळा टप्पा गाळून टाकलाय किंवा अंड्यातच उरकलाय. कुठली जनुकं कधी सुरू व्हायची याचं वेळापत्रक कसं बदललं, यावर अजून कितीतरी काम बाकी आहे. मलबारी उडता बेडूक पाण्यावर झुकलेल्या फांदीला फेसाचं घरटं करतो आणि टॅडपोल पावसाबरोबर खाली गळतात. आणि देवगांडूळ. गांडुळासारखं दिसतं पण कणा आहे, उभयचर आहे. गोव्याच्या आणि म्हादईच्या नावाच्या दोन जातींना तर या शतकातच नाव मिळालं. त्यांच्याच कुळातली कोकणातली एक जात थेट पिल्लांना जन्म देते हे २००८ मध्ये जाहीर झालं, आशियातलं पिल्लं देणारं पहिलं देवगांडूळ. अंडी घालणाऱ्या घराण्यात गर्भाशयात बाळ वाढवणं कसं सुरू होतं, हा प्रश्न आपल्या भातशेताच्या बांधाखाली पडलाय.

आता लॅबचं. २०२२ मध्ये दोन गटांनी उंदराच्या नुसत्या स्टेम सेल्स, म्हणजे वेगवेगळ्या पेशी होऊ शकणाऱ्या मूळ पेशी, एकत्र ठेवून भ्रूणासारखी रचना बनवली, बीजांड नाही, शुक्राणू नाही, गर्भाशय नाही, आणि साडेआठ दिवसांच्या भ्रूणाइतकी वाढ, धडधडणारं काळीज, मेंदूची सुरुवात. २०२३ मध्ये माणसाच्या पेशींपासून १४ दिवसांच्या भ्रूणासारखी रचना झाली. ते भ्रूण आहेत का? आज तरी नाहीत, त्यातून बाळ होत नाही. पण थॅलिडोमाइडसारखी औषधं आधीच तपासायला, सुरुवातीला गर्भपात का होतात ते कळायला याचा उपयोग होईल.

लगाम आहे. माणसाचा भ्रूण लॅबमध्ये १४ दिवसांपलीकडे वाढवायचा नाही, हा नियम ब्रिटनमध्ये १९८४ च्या वॉर्नॉक अहवालातून पुढे आला आणि १९९० मध्ये कायदा झाला. आपल्याकडे आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांतही १४ दिवसच आहेत. १४ च का, तर त्या सुमाराला पाठीची पहिली रेघ उमटते, त्याआधी एका भ्रूणाचे जुळे होऊ शकतात, म्हणजे तो अजून एकच माणूस ठरलेला नसतो. २०२१ मध्ये स्टेम सेल शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ही मर्यादा सैल करायला वाट मोकळी ठेवली. माझं वैयक्तिक मत, सैल करायची तर आधी लोकांत चर्चा व्हावी, आणि मराठी-कोंकणीत व्हावी. २०१८ मध्ये चीनमध्ये हे जियानकुई नावाच्या शास्त्रज्ञाने जनुकं बदललेल्या जुळ्या मुली जन्माला घातल्या तेव्हा कोणालाच विचारलं नव्हतं, तो तुरुंगात गेला पण त्या मुलींना आयुष्यभर ते वागवायचंय.

---

मांडवीकाठ

१४ दिवसांचा मुद्दा विचार करायला लावणारा. गर्भोपनिषदात पंधरवड्याने पिंड म्हटलंय. मी यातून काही सिद्ध करत नाही, पण जीव कधी माणूस ठरतो हे विचारायचा अधिकार फक्त लॅबचा नाही, हे तुझं म्हणणं मला पूर्ण मान्य.

---

बांदोडकर_मैदान

उत्तरं पटली. आमच्या वाडीत पावसात बांध घालताना देवगांडूळ निघतात, पोरं सापाचं पिल्लू समजून मारतात. पुढच्या वेळी काय करायचं ते सांगा, वाडीच्या ग्रुपवर टाकतो.

---

सत्तरीचा_पाऊस

मैदानबाब, हे फार मोलाचं. मारू नका, विषारी साप नाही तो. कातडी ओली आणि नाजूक असते, कोरड्या हाताने किंवा सॅनिटायझर लावलेल्या हाताने धरू नका, मीठ तर अजिबात नको. मोबाइलवर बाजूने एक आणि तोंडाचा एक असे फोटो घ्या, तारीख आणि जागा लिहून ठेवा, दगड किंवा माती जशी होती तशी परत लावा. मादी अंड्यांच्या पुंजक्याभोवती वेटोळं घालून बसलेली दिसली तर तिथलं खणणं दोन हातांवर थांबवा, अंडी घरी आणू नका, बाटलीत भरू नका, वन्यजीवांना हात लावायचा तर वनखात्याची परवानगी लागते. यंदा आमच्या शाळेतली मुलं फेसाची घरटी आणि डबक्यातली बेडकाची अंडी फक्त बघून नोंदवणार आहेत, कधी दिसली, पाणी किती, टॅडपोल कधी पडले. दूधसागर, त्या नोंदींचा तक्ता कसा आखायचा ते तू सांगशील का? जूनच्या आधी छापून घेतो.

---

दूधसागर_७

नक्की सर. तारीख, वेळ, जागा, पाण्यापासून उंची, हवेचं तापमान, पाऊस पडला की नाही, आणि शेवटी एक मोठा रिकामा रकाना, त्यात मुलांना जे दिसेल ते त्यांच्या शब्दांत. रविवारी पाठवते.